बसलेला हात

'सोडा' एवढाच शब्द म्हणायचा होता आणि तो आला नाही. समोर वीसेक माणसं डोळे मिटून, दोन्ही हात वर करून उभी होती. श्वास आत घेऊन झाला होता, बोटं छताकडे ताणली गेली होती, आणि सगळी त्याच्या पुढच्या शब्दावर थांबली होती. त्याने तोंड उघडलं. जीभ दातांना लागली, पोटातून नेहमीसारखी हवा वर आली, पण घशाशी येऊन ती नुसतीच बाहेर पडली, सायकलच्या चाकातून निसटावी तशी. त्याने आवंढा गिळला, पुन्हा म्हणून पाहिलं. पुन्हा तेच. कुणी डोळे उघडले नाहीत. हा त्याचाच नियम. मी सांगेपर्यंत डोळे उघडायचे नाहीत, शेजारी काय करतोय याच्याशी आपल्याला देणंघेणं नाही, असं तो नव्या माणसाला पहिल्याच दिवशी बजावायचा, आणि ही माणसं इतकी गुणी की छत कोसळलं असतं तरी त्यांनी आधी त्याचा शब्द ऐकला असता. टाळी वाजवावी, असं त्याच्या मनात आलं. पण हात उचलता उचलता तो बघत राहिला. इतकी वर्षं या लाकडी जमिनीच्या दालनात तो सकाळी सकाळी उभा राहत आला होता, आणि सबंध वेळ बोलत होता. खांदे सैल, हनुवटी थोडी आत, श्वास घ्या, अजून, सावकाश. बोलणारा माणूस बघत नाही. तो पुढच्या शब्दाच्या मागे असतो. आज पुढचा शब्दच नव्हता, म्हणून त्याला हात दिसले. छपाईवाल्या काकांचा डावा कोपर सरळ होत नव्हता. त्या कोपराने आयुष्यभर यंत्राचा दांडा ओढला होता. बँकेतल्या बाईंची बोटं इतकी नेटाने एकमेकांना चिकटली होती, जणू मधून कुणी नोट काढून घेईल. मागच्या रांगेत कुणाची तरी बाही कोपरापर्यंत घसरली होती आणि आतला गोरा, कधी ऊन न लागलेला भाग खिडकीच्या उजेडात आला होता. मग टोकांना कंप सुरू झाला. आधी नखांशी, मग मनगटात. एकाचा सुरू झाला की शेजारच्याचा. वारा नसताना पानं हलावीत तसे ते सगळे हात हलत होते आणि एकही खाली येत नव्हता. त्याला जाणवलं की आपल्या उजव्या हाताचा अंगठा पहिल्या दोन बोटांवर घासला जातोय. कोळशाची कांडी पकडल्यासारखा. त्याने चमकून हाताकडे पाहिलं. असं कितीतरी दिवसांत झालं नव्हतं.

"सर," काका डोळे मिटूनच म्हणाले, "डुलकी लागली का? आमचे हात वाळत घातल्यासारखे झालेत."

हसू फुटलं, हात खाली आले, डोळे उघडले. त्याने गळ्याला बोट लावून मान हलवली. बँकेतल्या बाई दोन पावलं पुढे आल्या, त्याच्या ओठांकडे निरखून पाहिलं आणि निकाल दिला, "आवाज बसला वाटतं."

बसला. हा शब्द त्याच्या आत जिथे पडला, तिथे आधीपासूनच एक खड्डा होता. मोठा विचित्र शब्द, तो उरलेला वर्ग खुणांनी कसाबसा उरकताना मनाशी म्हणत होता. आपण रोज किती वेळा म्हणतो, बसा, ताठ बसा, सुखाने बसा. त्यात किती आराम आहे. आणि तोच शब्द आवाजाला लावला की आवाज गेला, धंद्याला लावला की धंदा बुडाला, पावसाने भिंत बसते, मनाला धक्का बसतो. उलट घडी बसली, विश्वास बसला, कापडावर रंग बसला, तर सगळं छान. आणि हात बसला, तर? चित्रकलेच्या शाळेत शेवटच्या वर्षाला मास्तर त्याच्या मागे येऊन उभे राहिले होते. समोर मॉडेल म्हणून शाळेचाच माळी बसला होता आणि याचा हात कागदावर असा सरसर चालला होता की बाजूची मुलं आपलं काम टाकून बघत होती. मास्तर बराच वेळ उभे होते. त्यांच्या कोटाला तंबाखूचा आणि टर्पेंटाईनचा मिळून एक वास यायचा. "हात बसला रे तुझा," ते म्हणाले. तो वळून, मान लववून, आभारी आहे सर, म्हणाला. "आभार कसले मानतोस? बसलाय, असं सांगतोय तुला. उठव त्याला." सगळा वर्ग हसला. तोही हसला. मास्तर मात्र हसले नव्हते. तेव्हापासून तो हात उठवायचा प्रयत्न करत होता. डाव्या हाताने काढून झालं, डोळे बांधून झालं, भिंतीएवढ्या कॅनव्हासवर झाडूने रंग ओढून झाला. थोडे दिवस उठल्यासारखा वाटायचा, मग पुन्हा फतकल मारायचा. चित्रं विकली जात. लोक बरं बोलत. आणि हे चांगलं म्हणणारे लोक निघून गेले, की तो चित्रासमोर उभा राही आणि त्याला दिसे की हे हाताने एकट्याने काढलंय, आपण तिथे नव्हतोच. गेली दोन वर्षं तर नवीन काढलेलं प्रत्येक चित्र त्याने पाठमोरं करून भिंतीला टेकवून ठेवलं होतं.

योग त्याच्याकडे पाठदुखीच्या वाटेने आला. उभं राहून, वाकून, तासन्‌तास रंगवून कंबर धरली, कुणीतरी एका शिक्षकाकडे पाठवलं, कंबर सुटली आणि शिक्षकाने याला धरलं. पुढे तेच शिक्षक परगावी गेले आणि हा सकाळचा वर्ग याच्या गळ्यात पडला. गळ्यात पडला असं तो म्हणायचा, पण वर्गात त्याला बरं वाटायचं हे खरं. तिथे हाताला काही सिद्ध करायचं नव्हतं. फक्त एक गोष्ट तो कटाक्षाने पाळायचा. सकाळी येण्याआधी नखांतला कोळसा ब्रशने खरवडून काढायचा, आणि दुपारी चित्रांच्या खोलीत जाण्याआधी सैल पांढरा सदरा बदलायचा. चित्रकार मित्र त्याला योगीराज म्हणत आणि तो आला की मुद्दाम मांडी घालून, डोळे मिटून बसत. वर्गातली माणसं बाहेर कौतुकाने सांगत, आमचे सर आर्टिस्ट आहेत हं. म्हणजे इथे तिथला पाहुणा आणि तिथे इथला. दोन्ही घरी पाणी विचारतात, उशी कुणी देत नाही. त्यात महिन्यापूर्वी संस्थेच्या व्यवस्थापक बाईंनी त्याला बोलावून घेतलं आणि सांगितलं, संध्याकाळचाही वर्ग तुम्हीच घ्या, दुपारी नवीन शिक्षकांना तयार करा, पूर्णवेळ या, मुख्य शिक्षक म्हणून. विचार करून सांगा. विचार त्याने केला होता. पूर्णवेळ म्हणजे चित्रांची खोली बंद. आणि पाठमोऱ्या चित्रांच्या त्या खोलीत रोज जाऊन करायचं काय? त्याने खोलीच्या मालकाला, खालच्या मजल्यावर चौकटी बनवणाऱ्या माणसाला, सांगूनही टाकलं होतं की महिनाअखेर खोली सोडतो. चौकटवाल्याने करवत थांबवून एवढंच विचारलं होतं, "मग मी चौकटी कशाला करू, आरशांना?" बाईंना हो म्हणायचा दिवस आजचा. वर्ग संपला की ऑफिसात जायचं आणि हो म्हणायचं, असं तो उठल्यापासून घोकत होता.

तो ऑफिसात गेला. बाई किल्ल्यांच्या जुडग्यातून एक किल्ली वेगळी करण्याच्या खटपटीत होत्या. "या," त्या मान वर न करता म्हणाल्या, "मग, काय ठरलं?" त्याने तोंड उघडलं आणि फक्त हवा आली. त्या थांबल्या. आता नुसती मान खाली-वर केली असती तरी काम झालं असतं. हो म्हणायला आवाज लागतच नाही. हे त्याला कळत होतं. मान आहे, ती हलते, सकाळपासून दहा वेळा हलवली आहे. पण मान जागची हलली नाही. त्याऐवजी उजवा हात वर झाला, तळवा पुढे, थांबा अशा अर्थाने, आणि दुसऱ्या हाताने त्याने गळा दाखवला. बाईंना आधी वाटलं तो आशीर्वाद देतोय. मग उजेड पडला. "अगं बाई, आवाज गेला होय. बोलू नका, अजिबात बोलू नका. दोन-तीन दिवसांनी सांगा, काही आकाश कोसळत नाही." तो बाहेर पडला. पायऱ्या उतरला, रस्ता ओलांडला, फुलझाडांच्या कुंड्या विकणाऱ्या दुकानापुढून गेला, आणि तिथे पोचल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण जवळजवळ पळतोय, आणि छाती हलकी झाली आहे. सुटलो, असं कुणीतरी आत म्हणालं. कशातून सुटलो? ज्या गोष्टीला स्वतःहून हो म्हणायला निघालो होतो, तिच्यातून? तो कुंड्यांपाशी उभा राहिला. दुकानदार नळीने झाडांना पाणी घालत होता. एका पानावरून थेंब घरंगळत टोकाशी येई, तिथे लोंबकळे, जड होई, आणि पडे. मान हलली नाही, तो पुन्हा मनाशी म्हणाला. मानेला माझ्या आधी कळलं.

घरी बायकोने त्याला खिडकीपाशी नेलं. ती दातांची डॉक्टर. घरातल्या कुणाचंही दुखणं ती आधी तोंडात शोधायची. "आ कर. अजून मोठा. माझे पेशंट यापेक्षा धीट असतात." तिने आपला छोटा आरसा आत घालून बराच वेळ पाहिलं. "घसा लाल आहे. आणि मागच्या दाढा तू घासत नाहीस, वरवर ब्रश फिरवतोस. कलावंत ना." त्याने ओठांनीच काहीतरी म्हणून पाहिलं. "काय? मला फक्त फुसफुस ऐकू येतंय. लग्नानंतर पहिल्यांदा शेवटचा शब्द माझा." बोलणं असं, पण संध्याकाळी दवाखाना अर्ध्यात बंद करून तीच त्याला तिच्या ओळखीच्या घशाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. नाकातून आत घातलेली बारीक नळी घशात उतरत असताना ती त्याच्या खुर्चीमागे उभी होती, आणि तिची बोटं त्याच्या खांद्यावर अशी रुतली होती की तिचं सगळं हसणं त्याला तिथेच कळलं. गाठ हा शब्द दोघांनीही दिवसभर उच्चारला नव्हता. "गाठबीठ काही नाही," डॉक्टर म्हणाले. "सूज आहे. रोज ओरडून शिकवता ना? पूर्ण मौन पाळा. कुजबुजायचंसुद्धा नाही, त्याने जास्त ताण येतो." बाहेर आल्यावर ती गाडीच्या दाराला टेकून जरा वेळ उभी राहिली. "चला, देवाने एकदाचं ऐकलं," ती म्हणाली, "घरात शांतता." आणि तिने डोळे पुसले. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. त्याला वडील आठवत होते.

वडील देवाच्या गोष्टी गाऊन सांगायचे. उभ्याने. एका हाताची बोटं हवेत, दुसरा हात छातीवर, आणि समोर खचाखच भरलेली माणसं. गोष्ट सांगता सांगता मध्येच गाणं, गाण्यातून पुन्हा गोष्ट, रडवता रडवता एखादी अशी कोपरखळी की पुढच्या ओळीतल्या म्हाताऱ्या पदरात तोंड लपवून हसायच्या. लहानपणी तो त्यांच्या मागे बसून पाट्यांवर माणसांची तोंडं काढायचा आणि ते एका डोळ्याने बघायचे. एका हिवाळ्यात, ऐन गोष्टीच्या मध्यावर, त्यांचा गळा असाच बसला. देव भक्ताच्या दाराशी येऊन उभा आहे, आता भक्ताने दार उघडायचं, आणि वडिलांच्या तोंडून शब्द नाही. हा मागे बसलेला, भीतीने गोठलेला. वडिलांनी घसा खाकरून पाहिला, जमत नाही म्हटल्यावर दोन्ही हात लोकांपुढे पसरले, जसं जेवायला बसा म्हणताना पसरतात. मग मागून कुणीतरी पुढची ओळ धरली. मग सगळ्यांनी. भिंती हलतील असे ते गायले, आणि वडील मधोमध उभे राहून ऐकत होते, डोळ्यांतून धारा. घरी परतताना बैलासारखं घोगरं, कसंबसं ते म्हणाले, "आज पहिल्यांदा मी ऐकली रे ती गोष्ट." त्याला तेव्हा वाटलं होतं, बाबांची फजिती झाली आणि ते झाकताहेत. आता गाडीत, बायकोच्या शेजारी, वळणावळणावर येणाऱ्या दिव्यांच्या उजेडात, त्याला पहिल्यांदाच शंका आली की त्यांनी काहीच झाकलं नव्हतं.

उद्या वर्ग बंद ठेव, असं बायको म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तो चित्रांच्या खोलीवर जाऊन तपकिरी कागदाची गुंडाळी आणि कोळशाच्या कांड्या घेऊन आला. नखं खरवडली नाहीत. वर्गातल्या लांब भिंतीवर त्याने कागद आडवा पसरून चिकटवला, इकडच्या खिडकीपासून तिकडच्या दारापर्यंत. माणसं आली, चटया पसरून कुतूहलाने बघत उभी राहिली. त्याने ठरवून ठेवलं होतं. आसनं काढून दाखवायची, ती पाहून त्यांनी करायची. काय अवघड आहे? त्याने ताडासन काढलं. हात सरसर चालला, दोन रेघांत पाय, एका रेघेत पाठ, बोटं, मान. देखणं. मग दुसरं, मग तिसरं. वळून पाहिलं तर सगळी अवघडून उभी होती. काहींचा श्वास अडलेला, काही पुढे गेलेली, काही मागे. बँकेतल्या बाई नियमाप्रमाणे डोळे मिटून उभ्या होत्या, त्यांना काहीच दिसत नव्हतं.

"सर, चित्र झकास आहे," काका म्हणाले, "पण हा माणूस श्वास घेत नाहीये. आम्ही कधी घ्यायचा?"

पुन्हा हसू. त्यात टोमणा नव्हता, पण त्याचे कान तापले. त्याने चित्रांकडे पाहिलं. तीन बसलेली माणसं, उभी असूनही. मास्तरांचा कोट मागे येऊन उभा राहिल्यासारखा वास आला. कोळसा टाकून द्यावा, उद्या कुणा दुसऱ्याला पाठवा म्हणून कळवावं, बाईंना जाऊन मान हलवून हो सांगावं, चौकटवाल्याने आरशांना चौकटी कराव्यात. हात खाली आला. आणि मग, का ते त्याला नंतरही सांगता आलं नाही, त्याने बँकेतल्या बाईंच्या समोर जाऊन हळूच चुटकी वाजवली. त्यांनी डोळे उघडले. त्याने आपल्या डोळ्यांना बोट लावलं, मग सगळ्यांच्या डोळ्यांकडे, मग कागदाच्या रिकाम्या भागाकडे बोट केलं. उघडे ठेवा. तो भिंतीशी गेला, गुडघ्यात वाकला, कांडी कागदाच्या खालच्या कडेला टेकवली, आणि आसन-बिसन काही नाही, नुसती एक रेघ वर न्यायला लागला. सावकाश. मागे वळून बघत. माणसांना क्षणभर कळलं नाही, मग छपाईवाल्या काकांचे हात रेघेबरोबर वर निघाले आणि त्यांच्या नाकातून शिट्टीसारखा श्वास आत जाऊ लागला. मग बाकीच्यांचे. रेघ वर, श्वास आत. वरच्या टोकाशी तो थांबला, रेघ आडवी झाली, सगळी थांबली. मग वळली आणि उतरू लागली, आणि दालनभर एक मोठा निःश्वास तिच्याबरोबर उतरू लागला. त्याच्या पाठीवर तो वाऱ्यासारखा आला. पुन्हा वर. आता त्याला दिसलं की आपण घाई केली, काकांची छाती इतक्या लवकर भरत नाही, त्यांच्या फुप्फुसांत आयुष्यभराची शाईची धूळ आहे. हात सवयीने पुढे सरकू पाहत होता, त्याला तो रोजचा, माहीत असलेला डौलदार उतार हवा होता. पण सरकता येईना. वीस माणसांचा श्वास त्या कांडीच्या टोकाला बांधलेला होता. ते ओढतील तेवढंच जायचं. काकांचा श्वास अडखळला, तिथे रेघ अडखळली. कुणाला तरी खोकला आला, तिथे ती थरथरली. बँकेतल्या बाई उघड्या डोळ्यांनी, जन्मात पहिल्यांदा दुकानात शिरल्यासारख्या बघत होत्या, आणि त्यांचा श्वास सगळ्यांत लांब निघाला. तो श्वास उतरत असेपर्यंत हा रेघ उतरवतच राहिला, कागदाची खालची कड आली तरी कडेकडेने. कोळसा मोडला, तुकडा बोटांत धरून तो तसाच पुढे गेला. हात कुठे आहे हे त्याला कळत नव्हतं. म्हणजे कळत होतं, खूपच कळत होतं, पण तो आपला एकट्याचा वाटत नव्हता. पहिल्यांदा पेन्सिल धरलेल्या पोराचा असावा तसा तो धडपडत, विचारत, लोंबकळत जात होता. दाराशी कागद संपला तेव्हा तो वळला. भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत डोंगर होते, पण कुठल्या हाताला काढता येतील असे नव्हेत. काका खाली बसले होते, हात गुडघ्यांवर.

"माझा कुठला?" शेवटी त्यांनी विचारलं. त्याने अडखळलेली जागा दाखवली. काका उठून जवळ गेले, बोट न लावता बघत राहिले. "बरोबर आहे," ते म्हणाले. "इथे मला वाटलं होतं, आता काही येत नाही. मग आला." जरा वेळाने मागून एक बाई म्हणाली, "सर, उद्या आवाज आला तरी बोलू नका हं." "बायको असतीस तर शोभलं असतं," दुसरी म्हणाली, आणि मग सगळी एकदम बोलायला लागली, ज्याची त्याची जागा शोधायला लागली, भिंतीशी ही गर्दी.

व्यवस्थापक बाई दारात कधीपासून उभ्या होत्या कुणास ठाऊक. माणसं गेल्यावर त्या आत आल्या, चपला काढून, कागदाच्या कडेने चालत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेल्या, परत आल्या. "माझी भिंत काळी केलीत," त्या म्हणाल्या. त्याने कागद उचलून मागची स्वच्छ भिंत दाखवली. "असू द्या, असू द्या." त्या थांबल्या. या वेळी त्याने त्यांच्या प्रश्नाची वाट पाहिली नाही. त्यांच्याकडे बघून मान आडवी हलवली. एकदा. स्वच्छ. पूर्णवेळ नाही. सकाळच्या उजेडाकडे बोट, हो. संध्याकाळच्या दिशेने हात, नाही. बाईंनी ते सगळं मूकनाट्य नीट पाहून घेतलं आणि खुर्ची ओढून तिच्यात बसकण मारली. "अहो, मग आधीच सांगायचं ना. माझी भाची किती दिवस मागे लागलीये संध्याकाळच्या वर्गासाठी, शिकून आलीये सगळं. मी तिला अडवून धरलंय. मला वाटलं, चित्रकार माणूस, हातात पक्कं काही नाही, आपण विचारलं नाही तर वाईट दिसेल. तुम्ही हो म्हणाल या भीतीने मला रात्री झोप नव्हती." मग त्याला हसू आलं, आवाज नसलेलं, नुसतं पोट हलवणारं, डोळ्यांतून पाणी काढणारं, आणि त्या आधी गोंधळून आणि मग त्याच्याबरोबर हसू लागल्या. महिनाभर दोघंही एकमेकांवर उपकार करत होते. "सकाळचा मात्र तुमचाच," जाताना त्या म्हणाल्या. "आणि भिंतीवर असा कागद रोज हवाच. माझीही एक रेघ काढा कधीतरी. पण ऑफिसातली नको, तिथे मी श्वास घेत नाही."

दुपारी तो कागदाची गुंडाळी खांद्यावर टाकून खोलीकडे निघाला तेव्हा रस्ते नेहमीचेच होते. बसथांब्यावर माणसं घड्याळं बघत होती, एक बाई पोराच्या नाकाला रुमाल लावून 'शिंकर, जोरात' म्हणत होती. पण सगळ्यांच्या छात्या वर-खाली होताना त्याला दिसत होत्या, आणि तेवढं पुरे होतं. चौकटवाला दारातच लाकूड तासत होता. याने गुंडाळी उलगडून दाखवली, मग वर खोलीकडे बोट केलं, मग ते बोट स्वतःच्या छातीला लावलं. चौकटवाल्याने कागदाची लांबी नजरेने मोजली आणि रंधा खाली ठेवला. "राहताय म्हणजे," तो म्हणाला. "राहा. पण याला चौकट मी बसवणार नाही, गल्ली पुरायची नाही." वर जाऊन त्याने खिडक्या उघडल्या. पाठमोरी चित्रं भिंतीला टेकून होती. त्यांच्याकडे पाहून त्याला राग आला नाही. असू देत, त्यांचंही होईल काहीतरी. त्याने खोलीच्या फरशीवर नवा कागद लांबवर पसरला.

तेवढ्यात जिना वाजला. बायको दवाखान्यातून तशीच आली होती, पांढरा कोट अंगावर, त्याला औषधाचा वास. या खोलीत ती बऱ्याच दिवसांनी येत होती. तिनेच यायचं सोडलं होतं की त्यानेच बोलावणं सोडलं होतं, हे आता आठवत नव्हतं. भिंतीला लावलेला सकाळचा कागद ती बघत राहिली. "हे काय, भूकंप झाला होता?" त्याने नाकापाशी बोट नेलं, आत, बाहेर. ती पुन्हा वळली. या वेळी जास्त वेळ बघत राहिली. "एवढी सगळी माणसं," ती हळूच म्हणाली. मग चपला काढून, कोटासकट, ती कागदाच्या कडेला फरशीवर आडवी झाली. "माझी काढ. पण मला लवकर जायचंय, एकाची दाढ उघडी टाकून आलेय, तात्पुरतं भरलंय नुसतं. आणि मी काही तुझ्या रेघेप्रमाणे श्वासबिस घेणार नाही, सांगून ठेवते. दिवसभर मी लोकांना आ करायला लावते, मला कुणी लावायचं नाही." त्याने मान हलवली. तसं नाही. तो तिच्या शेजारी गुडघ्यांवर बसला, कांडी टेकवली आणि वाट पाहिली. ती वर बघत होती. तिची छाती उचलली गेली, त्याने रेघ उचलली. उतरली, उतरवली. सुरुवातीला तिच्या श्वासात घाई होती, जिन्याच्या पायऱ्या होत्या, त्या दाढेची काळजी होती. रेघ खणखणीत, तुटक आली. मग तिने डोळे मिटले. रेघ लांबली. खालून रंध्याचा आवाज येत होता, मध्येच थांबत होता. एका उतारानंतर तिचा श्वास इतका वेळ खालीच राहिला की तोही कांडी रोखून थांबला, आणि मग तिच्या घशातून एक बारीक घोर निघाला. ती झोपली होती. घोरण्याला रेघेत काय करायचं, हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याने ते तसंच काढलं, छोटी गाठ मारून पुढे सरकल्यासारखं. दर श्वासाला एक गाठ. तिला उठवायला हवं होतं. दाढ उघडी टाकलेला माणूस तिकडे खुर्चीत बसला असेल, घड्याळ बघत. रोज दुसऱ्यांच्या तोंडावर वाकून वाकून तिचा उजवा खांदा वर चढलेला असायचा, तो आता फरशीला टेकला होता. आणखी एक श्वास, त्याने ठरवलं. मग आणखी एक. कागद संपला. तिचा पुढचा श्वास मात्र सुरू झाला होता, सावकाश, वर येत होता. तो गुडघ्यांवरच पुढे सरकला आणि कोळसा उघड्या फरशीवर टेकवला.